मामा, मी अन् भाचा : अपंगांच्या कायद्याखालच्या तीन पिढ्या

कापूसवेचणी :

परवा रात्री भाच्याचा नोकरीचा फॉर्म भरायला बसलो. बारावीवरची जागा, सरकारी. 'दिव्यांग आहात का?' यावर त्यानं 'होय' दाबलं. पुढे प्रकार निवडायचा होता. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग असं करत यादी संपली. त्याचा रक्ताचा आजार, सिकलसेल, कुठंच नाही. पोरगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, मी अपंग आहो का नाही, एकदाचं ठरवून टाका."

त्यावर मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे. लांबेल, आधीच सांगते.

आमच्या घरात अपंगत्वाच्या तीन पिढ्या आहेत. आजार तीन वेगळे, कायद्याचा काळही तिघांचा वेगळा.

मामा १९७१ चा. घाटंजी तालुक्यातलं गाव. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि उजवा पाय गेला, पोलिओ. गावात चौथीपर्यंतच शाळा. पाचवीला चार किलोमीटर जावं लागे, मध्ये नाला. आज्यानं दोन वर्षं खांद्यावर नेलं, मग आज्याची कंबर धरली आणि मामाची शाळा सुटली. तो शिलाई शिकला. पायाची मशीन, एकट्या डाव्या पायानं चालवायचा. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली आणि त्याच महिन्यात संसदेत अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर झाला. मामा तेव्हा चोवीस वर्षांचा. तो आजही म्हणतो, "दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात निघाल्या, माझ्यापाशी एकही नाही पोचली."

तो कायदा ७ फेब्रुवारी १९९६ ला लागू झाला आणि मी त्याच ऑगस्टची. जन्मले तेव्हा रडले नाही म्हणतात. दोन्ही पाय कडक, सेरेब्रल पाल्सी. पण मामाला जे मिळालं नाही ते मला थोडं थोडं मिळत गेलं. पंधरा दिवसांतून एकदा शाळेत येणाऱ्या फिरत्या बाई, एसटीची सवलत, कॉलेजात तीन टक्क्यांतली जागा. आणि या सगळ्याच्या मुळाशी तो एक कागद, अपंगाचा दाखला.

दाखल्याची गोष्ट सांगायलाच हवी. आठ वर्षांची असेन. जिल्ह्याच्या दवाखान्यात बोर्ड बसायचा. पहाटेच्या एसटीनं निघालो. घरी रोज एकच ऐकलेलं, "सरळ चाल, लोकं पाहून राहिले." त्या दिवशी बसमध्ये आई कानात म्हणाली, "आज लपवू नको. रोजच्याहून जास्त लंगड." मी लंगडले. डॉक्टरांनी मान वर न करता ४५ टक्के लिहिले. परत येताना आई खूश होती, मला मात्र काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटत होतं. पुढे ऑनलाइन दाखले आले तेव्हा त्याच पायांचे ६२ टक्के झाले. पाय तेच, चालही तीच. माझ्या वयाच्या ज्या ज्या अपंग मुलामुलींशी बोलले, त्या प्रत्येकाकडे ही 'त्या दिवशी जास्त लंगड' वाली गोष्ट निघते. कायद्यानं आम्हाला घडवलं म्हणतात ना, तर हेही त्याच घडवण्यातलं.

आता नोकरी आहे. कुठे ते सांगत नाही. लागले तेव्हा टेबल वरच्या माळ्यावर, लिफ्ट नाही. मी लेखी अर्ज दिला, अपंग हक्कांच्या २०१६ च्या नव्या कायद्याचं कलम २० (नोकरीत भेदभाव नको, वाजवी सोय द्या) टाकून. साहेब म्हणाले, "नोकरी भेटली नं, आता अजून काय पाहिजे?" चार महिन्यांनी टेबल खाली आलं. हे मामाला सांगितलं तर टेबल खाली आल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. तो म्हणाला, "तू साहेबाले लिहून देल्लं? अन् त्यानं तुले काढलं नाही?" मामा आणि माझ्यात काय बदललं ते या एका प्रश्नात आहे. त्याच्या पिढीनं दया मागितली असं मी म्हणणार नाही, त्यानं कोणाला काहीच मागितलं नाही. मागता येतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

आणि भाचा, २००७ चा. एसएस, म्हणजे सिकलसेलचा पूर्ण आजार. आठ महिन्यांचा असताना हातापायाचे पंजे सुजले तिथून सुरुवात. एरवी पाहाल तर धडधाकट, पण थंडी लागली, पाणी कमी पडलं की हाडं अशी दुखतात की आठ-आठ दिवस शाळा नाही. मास्तर म्हणायचे नाटकं करते. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात सिकलसेल आला, आणि आमच्या घरात कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं की हे नाटक नाही. दाखला निघाला. बारावीला जादा वेळ मिळाला. पोरगा खूश होता. मग परवा तो फॉर्म.

कोणाच्या घरी असं झालं आहे का? काय केलंत?

—

दावापावती :

ताई, फॉर्म चुकलेला नाही. कायद्यातच तसं आहे.

२०१६ च्या कायद्यात शिक्षण आणि नोकरी यांची कलमं वेगळी आहेत. कलम ३२ प्रमाणे उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा, आणि त्या ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या सगळ्यांना, म्हणजे एकवीसही प्रकारांना. वयाची पाच वर्षांची सूटही त्यातच. नोकरीचं कलम ३४. आधीच्या तीन टक्क्यांचे चार झाले, पण ते वाटून दिलेले आहेत. एक टक्का अंध-अल्पदृष्टी, एक कर्णबधिर, एक अस्थिव्यंग (यात कुष्ठमुक्त, ठेंगणेपणा, ॲसिडहल्ल्याचे बळी, स्नायूंचा क्षय धरले आहेत), आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांना एकाही खान्यात जागा नाही.

म्हणजे भाच्याला कॉलेजात राखीव जागा आहे, नोकरीत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या वस्त्या, या आजाराचा मोठा भार आपल्याकडे. बाकी राज्याला ही यादीतली बारीकशी उणीव वाटेल, आपल्याकडे तीमुळे गल्लीच्या गल्ल्या बाहेर राहतात.

एक मात्र बजावून सांगतो. 'अस्थिव्यंग' वर टिचकी मारून पाहू म्हणणारे सल्लागार गावोगाव आहेत. तसं करू नका. खोटेपणानं लाभ घेतला तर कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि २०२४ नंतर दाखले पुन्हा तपासायची लाट आली आहे.

—

पारावरचा :

कापूसवेचणी ताई, लिव्हलं मस्त. पण मले एक सांगा, कायद्यानं झालं का आंदोलनानं? कायदा तर ९६ पासून हाय. आमच्या अचलपूरकडं बच्चूभाऊ कडू रस्त्यावर बसले तवा कुठं लोकायले कळलं का अपंगाचा बी काही हक्क असते. पगार (निराधारचा) १५०० चा २५०० झाला तो काय कलमानं झाला का बापा? गुरुकुंज मोझरीले उपोषण झालं, मंग झाला.

अन् ग्रामपंचायतीनं सोताच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगावर खर्च करा असा नियम हाय. आमच्या गावात काय भेटलं? दिवाळीले एक घोंगडं अन् देताना फोटो. घोंगड्यापेक्षा फोटो मोठा. मी इचारलं हिशोब द्या, तर म्हणते तुह्या घरी घोंगडं आलं नं?

—

कापूसवेचणी :

पारावरचा भाऊ, घोंगड्याला हसले, पण खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की उपोषणाला बसणाऱ्यालाही हातात धरायला काहीतरी लागतं. १९९५ चा कायदाही काही आपोआप आला नाही. दिल्लीत जावेद आबिदींसारखे लोक चाकाच्या खुर्चीवरून संसदेपाशी धरणं धरून होते, तेव्हा अधिवेशन संपता संपता तो मंजूर झाला. आंदोलनातून कायदा आला, आता कायदा धरून पुन्हा आंदोलन.

तुम्ही हिशोब विचारला यातच सगळं आलं हो. मामा घोंगडं घेऊन घरी आला असता.

—

पांढरी_काठी :

मी दृष्टिहीन, वय २९, बँकेत आहे. (फोन वाचून दाखवतो, मी बोलतो, तो टाइप करतो. चुका त्याच्या.)

शाळा आनंदवनातली, वरोऱ्याची अंध शाळा. तिथं असेपर्यंत आंधळं असणं ही काही विशेष गोष्ट नव्हती, सगळेच तसे. बाहेर पडलो आणि लेखनिक शोधायची पाळी आली तेव्हा कळलं.

स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो तुमच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा, असा नियम २०१८ मध्ये आला. कॉपी होऊ नये म्हणून. बरोबरच आहे, पण आमच्या खेड्यात पदवीच्या परीक्षेला बारावीचा पोरगा शोधा, त्याला त्या दिवशी सोयाबीनच्या मळणीतून सोडवा, शंभर किलोमीटर न्या, जेवू घाला. एकदा मिळाला तो इंग्रजीला घाबरायचा. मी स्पेलिंग सांगतोय आणि तो मला विचारतोय, "दादा, हा 'जी' का 'जे'?" शेजारच्या बाकावरची मुलगी हसायला लागली. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती सगळी 'जी' आणि 'जे' मध्ये गेली. तो पेपर राहिला. पुढच्या वेळी निघाला.

मला घडवणाऱ्यांत कायद्याचा नंबर दुसरा. पहिला मोबाइलचा. मराठी वाचून दाखवणारा फोन हातात आला त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा जाहिरात स्वतः वाचली, अर्ज स्वतः भरला. त्याआधी माझ्या नावाचं प्रत्येक पत्र पहिल्यांदा दुसऱ्याच कोणीतरी वाचलेलं असायचं. पण जागा कायद्यानं ठेवली होती, हेही मान्य. फोन असून जागा नसती तर जाहिरात वाचून फोन खाली ठेवला असता.

जाता जाता, वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये एमपीएससी पास झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत गलका होता. लोकांना वाटतं आम्ही 'प्रेरणा' घेतली. आम्ही तिला लेखनिक कोण होता ते शोधत होतो.

—

अमरावती_ते_ऑस्टिन :

कापूसवेचणी, इथं अमेरिकेत तुमच्यासारख्यांना 'एडीए पिढी' म्हणतात. एडीए म्हणजे त्यांचा अपंगांचा कायदा, २६ जुलै १९९० चा. त्यानंतर वाढलेली मुलं आता पस्तिशीच्या आसपास. माझ्या ऑफिसात एक बाई आहे चाकाच्या खुर्चीवर. ती सांगते, लहानपणी फुटपाथला उतार नसलेलं तिला आठवतच नाही, म्हणून कुठं पायरी दिसली की तिला आधी राग येतो, वाईट नंतर वाटतं.

मला जाणवलेला फरक असा. इथल्या कायद्यात आपल्यासारख्या राखीव नोकऱ्या नाहीत. भेदभाव केलात तर कोर्टात खेचू, यावर सगळा भर. त्यामुळे ती पिढी भांडायला शिकली. आपली पिढी अर्ज लिहायला शिकली.

—

कापूसवेचणी :

ऑस्टिन, शेवटचं वाक्य लागलं थोडं. खोटं नाही. पण अर्ज लिहायला शिकणं ही आमच्याकडे छोटी गोष्ट नव्हती, मामाचा प्रश्न आठवा.

रागाचं मात्र पटलं. मला पायरी दिसली की अजून आधी अंदाज येतो, कुठं हात धरता येईल. राग घरी आल्यावर येतो.

—

मेहकरची_आई :

तुमची सगळ्यांची मुलं, तुम्ही स्वतः, अर्ज लिहिता, बोलता. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के. त्याला कोणत्या पिढीत धरायचं?

अठरा पूर्ण झाले आणि बँकेतून सांगितलं, आता सही त्याची लागेल. त्याला सही येत नाही. मग कळलं, १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे, त्यात जिल्ह्यात स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष, तिथून पालकत्व घ्यावं लागतं. म्हणजे मीच त्याची आई, हे मी पुन्हा अर्ज करून सिद्ध केलं. निरामय विम्याचं कार्डही त्याच कायद्यातून निघालं, एक लाखापर्यंत. फिजिओथेरपीचे पैसे त्यातून निघतात, नाकारणार नाही.

पण अर्जात एक रकाना होता, 'पालकाच्या पश्चात कोण'. मी तीन दिवस तो कोरा ठेवला. शेवटी धाकट्या मुलीचं नाव टाकलं. ती पंधराची आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. समितीतल्या बाबूनं वय पाहिलं आणि ते नाव खोडायला लावलं.

—

फिरस्ती :

मेहकरच्या ताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी कापूसवेचणींनी लिहिलेल्या 'फिरत्या बाईं'पैकी एक, मेळघाटातली. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. दाखल्यासाठी एका पोराला न्यायचं म्हणजे बापाची एक-दोन दिवसांची मजुरी, मुक्काम, आणि बोर्डातला एखादा डॉक्टर रजेवर असला की पुन्हा. तालुक्यात शिबिर लागतं तेव्हा सोपं जातं, पण शिबिराची तारीख पाड्यावर पोचेपर्यंत शिबिर उठलेलं असतं. माझ्याकडच्या मुलांत असे कितीतरी आहेत ज्यांना अपंगत्व आहे, टक्का नाही. आणि टक्का नाही म्हणजे कागदावर ते अपंगच नाहीत. कोरकू आयांना मी 'हक्क' शब्द समजावत बसत नाही. 'कार्ड' म्हटलं की कळतं.

रॅम्पचं सांगते. कायद्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, म्हणजे जून २०२२ पर्यंत. आमच्या एका शाळेला रॅम्प झाला, तो इतका चढा की पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात. चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात. आणि मतदानाच्या दिवशी लाकडी फळ्यांचा सुंदर रॅम्प येतो, दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून परत जातो.

—

पारावरचा :

फिरस्ती बाई, त्या फळ्या आमच्याकडं मंडपवाल्याच्या असते. लगनाले स्टेजले लावते त्याच. 😄

—

जुना_वाचक :

एक विनंती. सगळेच 'अपंग' लिहीत आहात. आता दिव्यांग म्हणतात. शासनाचा विभागही दिव्यांग कल्याण विभाग आहे.

—

पांढरी_काठी :

विभागाला खुशाल म्हणू द्या. मला दिव्य असं कोणतंही अंग नाही, दोन डोळे आहेत, चालत नाहीत. आंधळा म्हणा, दृष्टिहीन म्हणा, फक्त रस्ता ओलांडताना न विचारता दंड धरू नका.

(कापूसवेचणी ताई, विषय भरकटला तर रागावू नका, हा वाद २०१५ पासून दर धाग्यात होतो.)

—

दावापावती :

मूळ प्रश्नाकडे. भाच्याचा अर्ज सर्वसाधारणमधून किंवा त्याचा जो सामाजिक प्रवर्ग असेल त्यातून भरा. पण आरक्षण नाही म्हणजे कायदाच लागू नाही असं नव्हे. भेदभाव न करण्याचं कलम ३ आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय देण्याचं तत्त्व सर्वांना आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार प्रकरणात (त्या मुलाला लिहिताना हाताला गोळे यायचे) सांगितलं, की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती अडवता येणार नाही. म्हणजे सोय आणि आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला परीक्षेत काय अडचण येते?

—

कापूसवेचणी :

पोरगा इथंच बसला आहे, त्यालाच देते.

*भाचा बोलतोय.* परीक्षा जानेवारीत, नागपूर, सकाळची पाळी, आठला गेटवर. थंडीत माझं दुखणं चालू होते. लेखनिक नको, हात चांगला चालते. मले फक्त गरम कपडा आत नेऊ द्यायला पाहिजे, पाण्याची बाटली, अन् मध्ये लघवीले जाऊ द्यायला पाहिजे, कारण पाणी खूप प्यावं लागते. मागच्या वेळी जाड जॅकेट गेटवर काढून घेतलं. दीड तासात पाय धरले. पेपर येत होता, सोडून आलो.

मावशी म्हणते तसा मी रागावलो नाही तवा. आता वाचून रागावलो.

—

दावापावती :

बरोबर मागतो आहेस. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला आणि केंद्रप्रमुखाला, दोघांनाही आजच लेखी दे. दाखल्याची प्रत, डॉक्टरांचं एका ओळीचं पत्र : थंडी टाळणे, पाणी, प्रसाधनगृह. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळीत लिही, 'योग्य ती सोय करावी' असं गोल लिहू नकोस. दोन प्रती, एकीवर पोच घे. ईमेलही कर. नाही म्हणाले तर लेखी नकार माग. मग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. कार्यालय पुण्याला आहे, पण तक्रार टपालानं जाते, तुला सातशे किलोमीटर जायची गरज नाही.

—

मेहकरची_आई :

बाळा, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नको. मी एकदा हलले होते.

—

कापूसवेचणी :

अपडेट. पोच घेतली, दोन्हीकडची. केंद्रावरच्या बाबूनं आधी विचारलं, "पण हा तर चांगला दिसते." मी कुबडी टेबलाला टेकवून उभी राहिले आणि म्हटलं, मग मी दिसते तशी धरा आणि शिक्का मारा. मारला.

जॅकेटचं उत्तर अजून आलेलं नाही, पण मामानं वाट पाहिली नाही. रात्री बसून हाफ जॅकेट शिवलं. आतून फ्लॅनेलचं अस्तर, खिसे नाहीत, चेन नाही, बटणं नाहीत, पुढं कापडी नाड्या. गेटवर यंत्र वाजायला नको म्हणून. भाचा म्हणाला, मामाआजा, हे तर झबल्यासारखं दिसते. मामा म्हणाला, घाल बे, अन् पेपर पूर्ण लिहून ये.